शेवटच्याने बेल वाजवायची

दार सताड उघडं. समोर सोफ्यावर बायको भेंडी चिरत बसलेली आणि मला बघतेय. मुलगी मोबाईलमधून एक डोळा वर काढून मला बघतेय. आणि मी, पन्नाशीला टेकलेला, ऑफिसात चार माणसं ज्याला उठून ‘सर’ म्हणतात असा गृहस्थ, आपल्याच उंबऱ्याबाहेर उभा राहून बेलचं बटण दाबतोय. समोरच्या फ्लॅटमधल्या मेहताभाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, घरात माझं काहीतरी बिनसलंय. त्यांनी मला हळूच चहाला बोलावलं आणि बायकांच्या स्वभावाबद्दल दोन समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. मी ऐकून घेतल्या. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी मला डॉक्टरचा नंबर दिला असता.

हा नियम इंदूमावशीचा होता. घरात जो सगळ्यांच्या शेवटी येईल, त्याने बेल वाजवायची. आधी येणाऱ्यांनी नुसतं आत यावं. शेवटच्याची बेल वाजेपर्यंत दार लावायचं नाही, मग डास येवोत की खालच्या मजल्यावरच्या तळणाचा वास येवो. बेल वाजली की आतून तिचा आवाज यायचा, “आलं, पुरं झालं,” आणि ती स्वतः उठून, गुडघ्यावर हात ठेवत, दार लावायची.

शेवटचा बहुतेक वेळा मीच असायचो. एकदा कंटाळून मी गुपचूप आत शिरलो, कपडे बदलले, जेवायला बसलो. मावशी दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसलेली होती, ती तशीच.

“मावशी, जेवायला ये ना. कोणाची वाट बघतेस? सगळे आलेत.”

“वाजली नाही.”

“अगं, मी आलोय. हा काय समोर बसलोय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. नंतर पुन्हा दाराकडे. मी आमटीचा हात धुतला, लेंग्यावरच बाहेर गेलो आणि बेल वाजवली. बायको म्हणाली, “आता आत येऊ द्यायचं का तुला, ते आम्ही ठरवू.”

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. लग्न केलं नाही. घाटमाथ्यावरच्या एका वाडीत, एका खोलीच्या, एकाच शिक्षकाच्या शाळेत तिने सगळी नोकरी काढली. वाडीचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत. आमच्या नातेवाइकांत तिचा उल्लेख ‘डोंगरातली इंदू’ असा व्हायचा. मे महिन्यात ती करवंदांची पाटी घेऊन आली की तिच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास यायचा आणि आम्ही शहरातली पोरं नाकं मुरडायचो. आई गेल्यानंतर, नोकरी संपल्यावर, ती मुलुंडला आमच्याकडे कायमची राहायला आली. सामान काय, तर एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि गोणपाटात गुंडाळलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. त्याच्यासोबत एक जाड बोल्ट, मूठभर लांबीचा, एका बाजूला कापड गुंडाळलेला.

तो तुकडा रिक्षातून लिफ्टपर्यंत मी उचलून आणला. त्यानंतर आठवडाभर मी कमरेला पट्टा बांधून ऑफिसला जात होतो. “एवढं काय आहे त्यात?” मी विचारलं, तर ती म्हणाली, “शाळेत आता विजेची घंटा आली. हिला कोण विचारणार?” जणू एखादी म्हातारी शेजारीण सोबत आणली होती.

तिचा आवाज हा एक वेगळाच विषय. तिला हळू बोलता यायचंच नाही. आयुष्यभर या डोंगरावरून त्या डोंगरावर बोललेली बाई. तिच्या लेखी फोनवरचा माणूसही पलीकडच्या डोंगरधारेवर उभा असायचा. ती चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली कोथिंबिरीचा भाव विचारायची आणि भाव पटला नाही तर अख्ख्या सोसायटीला कळायचं. माझी मुलगी सई तिला म्हणायची, “आजी, तू व्हॉट्सॲपच्या आधीचं व्हॉट्सॲप आहेस.” मावशीला तो बहुमान वाटला.

सोसायटीतली पोरं तिच्याभोवती जमायची. ती त्यांना गच्चीवर न्यायची. आमच्या गच्चीवरून मागचे डोंगर दिसतात, राष्ट्रीय उद्यानाचे. मधे दोन टॉवर उभे राहिलेत, तरी त्यांच्या फटीतून दिसतात. मावशी पोरांना डोळे मिटायला लावायची, तीन गिरक्या घ्यायला लावायची आणि मग म्हणायची, “आता हात करा. तुमची शाळा कुठं?” एक हात ठाण्याकडे, एक हात आकाशाकडे, एक शेजाऱ्याच्या डोळ्यात. ती डोक्याला हात लावायची. “पिनकोडसकट पत्ता पाठ आहे तुम्हांला, आणि शाळा कुठं ते ठाऊक नाही. माझ्या पोरांना उलटं होतं. पत्ता नव्हताच. पण झोपेतून उठवलं तरी बोट बरोबर शाळेकडं.”

त्या गच्चीवरच तिने पोरांना तिच्या शाळेची रीत सांगितली. शाळा मधल्या माळावर, आणि पोरांची घरं चहूबाजूंच्या धारांवर विखुरलेली. मधे घळी, ओढे. दिवाळीनंतर सकाळी असं धुकं भरायचं की स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसायची नाहीत. मग ती शाळेच्या आढ्याला टांगलेला रूळ वाजवत राहायची. घरातून निघालेलं पोर पहिल्या वळणावर आलं की ‘कू’ घालायचं. लांब, शेवटी वर चढणारी हाक. म्हणजे बाईंना कळायचं, ठाकराचा नाम्या निघाला, वरच्या आळीच्या दोघी निघाल्या. आणि आवाजाच्या रोखाने चालत चालत एकेक पोर धुक्यातून बाहेर यायचं. “आधी आवाज, मग खोकला, मग पाय, मग पोर.” जे पोर शेवटी पोचेल त्याच्या हातात ती बोल्ट द्यायची. शेवटचा ठोका त्याने मारायचा. तो पडला की शाळा सुरू.

“म्हणजे उशिरा येणाऱ्याला बक्षीस?” एका मुलाने विचारलं.

“बक्षीस कसलं रे. पुढं उभी राहून वाजवणारी मी, मला धुक्यात काय दिसतं? सगळे आले की नाही, हे शेवटी येणाऱ्यालाच कळतं. त्याच्या मागं कोणी नसतं.”

आता कळलं की मी रोज संध्याकाळी दारात काय करत होतो. सईने मला चिडवायला सुरुवात केली, “बाबा, तू धुक्यातून येतोस.”

काही गोष्टी मात्र मला हसण्यावारी नेता आल्या नाहीत. बोलता बोलता ती मधेच थांबायची. मान किंचित तिरकी करायची. “ऐकलंस?” मी म्हणायचो, “काय?” ती म्हणायची, “काही नाही,” आणि वाक्याचा उरलेला भाग कधीच यायचा नाही.

आणि बाजार. पावसाळ्यात स्टेशनजवळ डोंगराकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. मावशी त्यांच्यापुढे उकिडवी बसायची. भाजी राहायची बाजूला, ती आधी चेहरा बघायची. नीट, निरखून, कधीकधी हनुवटीला हात लावून. “कुठली गं तू? आईबापाचं नाव काय? लहानपणापासून तिथलीच का?” एखादी बाई हसून सांगायची, एखादी वैतागायची, “आजे, भाजी घ्येयाची तर घे.” मी पिशव्या धरून लाजेने दुसरीकडे बघत उभा. मला वाटायचं, म्हातारीला गाववाल्यांची आठवण येत असेल. एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. ती आली त्या वर्षी हनुवटी उचलायची ती पोरसवदा, नुकतंच लग्न झालेल्या मुलींची. काही वर्षांनी कडेवर मूल असलेल्या बायकांची. शेवटी शेवटी, केसांत एखादी चांदीची तार दिसणाऱ्यांची. ती एकाच बाईला शोधत होती आणि ती बाई दर वर्षी एक वर्षाने मोठी होत होती.

हे मला कळलं त्याला कारण आमचा वेंधळेपणा.

सई दहावीत होती. एका संध्याकाळी मी घरी आलो. दार उघडं. बेलवर बोट ठेवलं तर आतून मावशी म्हणाली, “तू शेवटचा नाहीस. पोरगी यायचीय.”

मी बायकोला, मेघाला विचारलं, “सई कुठंय?”

“म्हणजे? तू आणणार होतास ना क्लासवरून?”

“मी? मी कुठे म्हटलं? मला वाटलं ती तुझ्याबरोबर तुझ्या बहिणीकडे गेलीय.”

“आणि मला वाटलं तुझ्याबरोबर आहे.”

सईचा फोन बंद. क्लास सुटून दीड तास झालेला. आम्ही दोघं एकमेकांवर तोंडसुख घेत चपला शोधत होतो, तेवढ्यात मागे भांडं पडलं. मावशी स्वयंपाकघराच्या दारात भिंत धरून उभी होती. चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं. मी तिला धरायला गेलो तर तिने माझा हात झटकला आणि म्हणाली, “काय म्हणालात आता? पुन्हा म्हणा.”

“काय?”

“तुला वाटलं हिच्याकडं. हिला वाटलं तुझ्याकडं.”

ती तशीच अनवाणी जिना उतरली. लिफ्ट विसरली. खाली गेटवर उभी राहून, भर रस्त्यात, रिक्षा, बसगाड्या, हातगाड्या यांच्यावरून तिने हाक घातली. शब्द नव्हता. लांब, शेवटी वर चढणारा नुसता सूर. वॉचमन उठून उभा राहिला. रस्त्यावरची माणसं थांबली. मी तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. हाक घालून ती उत्तराची वाट बघू लागली.

पाचेक मिनिटांत सई समोरून आली. मैत्रिणीबरोबर पाणीपुरी खाल्ली होती, फोनची बॅटरी संपली होती. “काय झालं? सगळे खाली का?” तिच्या गालाला अजून चिंचेचं पाणी लागलेलं होतं. मावशीने तिला वर आणलं, दारात उभं केलं, तिचं बोट धरून बेलवर दाबलं. मग दार लावलं आणि खाली जमिनीवर बसली.

त्या संध्याकाळी तिने आम्हांला बुधीची गोष्ट सांगितली. एकदाच सांगितली.

बुधी तिसरीत होती. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. तिचं घर सगळ्यांत लांब, घळीच्या पलीकडे, म्हणून शेवटचा ठोका बहुतेक तिचाच. त्याचा तिला तोरा होता. कधी लवकर पोचली तरी भिंतीआड लपून राहायची आणि सगळे आल्यावर बाहेर यायची. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी घरं खाली वीटभट्ट्यांवर कामाला जात. मालकाचा ट्रक पहाटे घाटाच्या रस्त्यावर येऊन उभा राहायचा. आईबाप गेले की पोरं गेली, धाकट्याला सांभाळायला. पावसाच्या तोंडाला परत यायची तेव्हा मुळाक्षरंसुद्धा विसरून आलेली असायची. मावशी दर वर्षी दारोदार जायची, पोराला माझ्याकडे ठेवा म्हणायची. त्या वर्षी बुधीच्या आईला म्हणाली, “हिला ठेव. शाळेतच राहील माझ्याजवळ. माझ्यात जेवेल.” आई नाही म्हणाली. कडेवर तान्हं होतं. बुधी मात्र म्हणत होती, “मी नाय जायाची. मी बाईंपाशी ऱ्हानार.”

ट्रक गेला त्या सकाळी गच्च धुकं होतं. मावशी रूळ वाजवत होती. आणि नेमके तालुक्याहून तपासणीला साहेब आले होते. खालच्या गावात मुक्काम करून, वाटाड्या घेऊन, धापा टाकत चढून आलेले. खुर्चीवर बसले, कपाळ धरलं. उरलेली पोरं आली. साहेब म्हणाले, “बाई, ते ठोकणं पुरे करा आता. पाढे घ्या.”

“मी म्हटलं, सगळे आलेत,” मावशी म्हणाली. “बुधी ट्रकात गेली, हे मला ठाऊक होतं. तिची जागा मी मनातून पुसली होती. शेवटचा ठोका त्या दिवशी मीच मारला.”

पाढे सुरू झाले. साताचा चालू असताना नाम्या म्हणाला, “बाई, कू झाला.”

“मी पण ऐकला. घळीकडून. बारीक. मी म्हटलं, गुराखी असेल. म्हटलं, पाढा म्हण.”

मेघाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मावशीला ते कळलं नसावं.

पुढचं तिने अगदी सावकाश सांगितलं. वैशाखात भट्टीवरची माणसं परतली. बुधीची आई घरी न जाता सरळ शाळेवर आली. कडेवर तान्हं, आता चालू लागलेलं. हातात कागदात गुंडाळलेला नवा फ्रॉक, पोर वाढली असेल म्हणून मुद्दाम मोठा घेतलेला. मावशी तिला बघून आनंदाने पुढे झाली. दोघी एकदमच बोलल्या.

मावशी म्हणाली, “बुधी कुठंय गं?”

आणि आई म्हणाली, “बुधी कुठं हाय बाई?”

पहाटे घाटात ट्रक चढावर मंद झाला तेव्हा बुधी मागून उतरली होती. अंधारात, गर्दीत आईबापांना कळलं नाही. पहिल्या थांब्यावर शोधाशोध झाली तेव्हा शेजारची बाई म्हणाली, उतरताना दिसली मला, शाळेकडं पळाली. बाईंपाशी राहणार म्हणतच होती. आईला राग आला, मग बरंच वाटलं. पोर बाईंकडे आहे. खायला मिळेल, शिकेल. इकडे बाईंना वाटत होतं, पोर आईकडे आहे. अख्खा हिवाळा आणि अख्खा उन्हाळा ती कोणाकडेच नव्हती, आणि तिला कोणी शोधत नव्हतं.

“काही सापडलं नाही,” मावशी म्हणाली. “घळीत माणसं उतरली. इतक्या दिवसांनी काय सापडणार? चप्पल तर तिला नव्हतीच. एक म्हणाला, जनावर. एक म्हणाला, रस्त्याला लागली असेल, दुसरा ट्रक मुंबईकडं जात असेल, त्यात कोणी घेतली असेल. तो म्हणाला आणि मला ते चिकटलं.”

“आई तुला काही बोलली?” मी विचारलं.

“बोलली असती तर बरं होतं. एवढंच म्हणाली, तुमच्यापाशी हाय म्हून आम्ही निवांत भट्टी केली, बाई.”

त्यानंतर कितीतरी वर्षं ती त्याच शाळेत शिकवत राहिली. बदली मागितली नाही. का, ते मी विचारलं नाही. रूळ रोज वाजत होता, पोरं येत होती, शेवटचं पोर ठोका देत होतं. पण शाळा सुरू झाल्यावरही ती एकदा घळीच्या तोंडापर्यंत जाऊन यायची. पोरांना वाटायचं, बाई पाणी बघायला जातात.

रूळ आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या लोखंडी अँगलला टांगला होता. टांगणारा मीच, त्यामुळे तो एकदा मेहताभाईंच्या पायाजवळ पडला होता. वर्षातून काही सकाळी, थंडीत, डोंगर दिसेनासे झाले की ती वर जाऊन तो वाजवायची. मेहताभाई सेक्रेटरी. ते वर यायचे. “मावशी, सकाळी सकाळी हे काय? लोग झोपते ना.” सई म्हणायची, “आजी, हे धुकं नाहीये. हे पोल्युशन आहे. समोर टॉवरचं काम चाललंय ना.”

“पोराला काय त्याचं?” मावशी म्हणायची. “दिसत नाही एवढं खरं ना?”

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. मी दिलगिरीचं एक छान भाषण तयार केलं होतं, त्यात ‘वृद्धत्व’ आणि ‘सहिष्णुता’ असे दोन जड शब्द होते. मी उठायच्या आत मेहताभाईच म्हणाले, “सात वाजल्यानंतर चालेल. पुढचा विषय घ्या.” मेघाने मेहतावहिनींना बुधीची गोष्ट सांगितली होती, ते मला नंतर कळलं.

गेल्या जानेवारीत ती गेली. छातीत कफ भरला, आठ-दहा दिवस हॉस्पिटल, संपलं. पण नळ्या लावलेली मावशी मला आठवत नाही. मला आठवते ती त्याआधीची सकाळ.

डॉक्टरांनी तिचं गच्चीवर जाणं बंद केलं होतं. मी उठलो तर तिचं अंथरूण रिकामं आणि घराचं दार उघडं. वरून आवाज येत होता, पण क्षीण. दोन ठोक्यांच्या मधे बराच वेळ जात होता. मी माकडटोपी घालून वर धावलो. समोर काहीच नव्हतं. टॉवर नव्हते, डोंगर नव्हते, गच्चीचा कठडासुद्धा अर्धाच. ती टाकीला टेकून वाजवत होती.

“मावशी, चल खाली. माझं ऐक.”

तेवढ्यात तिकडून कू आला. डोंगराच्या बाजूने. बारीक, लांब, शेवटी वर चढणारा.

मी ऐकला. लाकूडफाट्याला गेलेली पाड्यावरची एखादी बाई असेल, एखादा पक्षी असेल, सकाळी फिरायला जाणारे काय काय आवाज काढतात. पण मी तो ऐकला.

मावशीने बोल्ट माझ्या हातात दिला. “वाजव. थांबू नकोस.”

“अगं, आवाज तर आला.”

“आवाज आला म्हणजे पोर आलं नाही.”

मी वाजवायला लागलो. ती कठड्याशी गेली, तोंडापुढे हातांचा द्रोण केला आणि हाक घातली. डोंगर ओलांडणारा तिचा तो आवाज टाकीच्या पलीकडेसुद्धा गेला नसेल. मी वाजवत होतो. उजवा हात दुखला, डाव्याने. साधा फॅन पुसला तरी माझ्यासारख्या माणसाचा खांदा दोन दिवस धरतो. पुन्हा एकदा कू आल्यासारखा वाटला, जवळून. मेहताभाई स्वेटरची बटणं लावत वर आले आणि गच्चीच्या दारात उभे राहिले. ते मावशीकडे बघू लागले.

ती आता डोंगराकडे बघत नव्हती. डोंगराकडे पाठ करून ती गच्चीच्या दाराकडे बघत होती, जिथून जिना वर येतो. तिचा चेहरा मी आयुष्यभर पाहिलेला, पण तो असा सैल झालेला कधी पाहिला नव्हता.

“थांब,” ती म्हणाली.

मी थांबलो. तिने माझ्या हातातून बोल्ट घेतला, कापड गुंडाळलेली बाजू पुढे केली, थोडी खाली वाकली, आणि लहान मुलाच्या हाताला पोचेल इतक्या उंचीवर तो दाराच्या दिशेने धरून उभी राहिली.

दारात उभे असलेले मेहताभाई, कोणाला तरी वाट द्यावी तसे, बाजूला सरकले.